‘नाही’ न कळलेला श्रोता : बिनतारी ड्रायव्हरांतील जुने शब्द आणि नवे नियम

मराठी वाक्यात नकारदर्शक पद प्रायः अखेरीस येते, ही गोष्ट व्याकरणाच्या अभ्यासकांस नवी नाही. ‘येथे वाहने उभी करण्यास परवानगी नाही’ अशी पाटी रस्त्याच्या कडेस लावलेली असावी आणि पावसापाण्याने तिच्यावरील शेवटचा शब्द पुसून गेलेला असावा, म्हणजे जे उरते त्याला मूळ वाक्याचा अपुरा अंश म्हणता येत नाही. ते मूळ वाक्याच्या नेमके विरुद्ध अर्थाचे होऊन बसते. ‘वाहने उभी करण्यास परवानगी आहे, दोन्ही बाजूंस’ ह्या पाटीवरील शेवटचे दोन शब्द पुसले गेले तर मात्र वाचणाराचा तोटा एवढाच की, दुसऱ्या बाजूची सवलत त्याला उमगत नाही. आकलन दोन्हीकडे अपुरेच राहिले. परंतु एकीकडे वाचणारा सवलतीला मुकतो आणि दुसरीकडे तो दंडास पात्र ठरतो.

अपुऱ्या आकलनाच्या ह्या दोन परिणामांतील विषमता बोलभाषेत सहसा जाणवत नाही, कारण ऐकणारा मनुष्य प्रसंग पाहून अर्थ सावरून घेतो. जेथे ऐकणारे यंत्र असते तेथे ती उघडी पडते. बिनतारी जाळ्याशी, म्हणजे सर्वपरिचित वाय-फायशी, संगणकाची गाठ घालून देणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलींत हा प्रश्न गेली काही वर्षे व्यवहारात सोडवावा लागत आहे. तो कसा सोडविला गेला, ह्याकडे संगणकशास्त्राइतकेच भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही लक्ष द्यावे, असे त्याचे स्वरूप आहे.

ड्रायव्हर हा एक दुभाषा होय. एका बाजूस रेडिओलहरी सोडणारे व घेणारे कार्ड, दुसऱ्या बाजूस संगणकाचे चालनतंत्र. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाही. लिनक्स ह्या चालनतंत्राच्या गाभ्यास ‘कर्नल’ म्हणतात (मराठी वाचकास ह्या नावाने प्रथम लष्करी अधिकारी आठवतो, त्यास इलाज नाही). ड्रायव्हर ह्या गाभ्याचा भाग म्हणून वावरतो, आणि गाभ्याबाहेरचे असंख्य कार्यक्रम त्याच्याशी ठरलेल्या शब्दांत बोलतात. लिनक्सची उभारणी उघडपणे होत असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक शब्द केव्हा आला, केव्हा बदलला आणि कोणत्या कारणाने बदलला, हे तपासता येते. प्रस्तुत विवेचनासाठी ती निवडण्याचे कारण हेच.

कर्नलच्या कर्त्यांनी एक दंडक कसोशीने पाळला आहे. जो कार्यक्रम काल चालत होता, तो कर्नल बदलल्यामुळे आज बंद पडता कामा नये. शब्द एकदा वापरात आला की तो काढून घ्यावयाचा नाही; नवा शब्द जोडावयाचा झाल्यास तो असा जोडावयाचा की, जुन्या श्रोत्यास कळला नाही तरी त्याचे काम अडू नये. ह्या दंडकाच्या मुळाशी एक साधे गृहीत आहे. न कळलेला शब्द सोडून द्यावा आणि कळलेल्यावर चालावे. भाषेचा ऐतिहासिक प्रवाह बव्हंशी ह्याच गृहीतावर वाहतो. आजोबांच्या बोलण्यातील चार शब्द नातवास कळत नाहीत आणि नातवाचे दहा शब्द आजोबांस कळत नाहीत, तरी घरातला व्यवहार चालू राहतो.

रेडिओविषयक कायद्याचे व्याकरण ह्याच्या उलट आहे. त्यात पहिले वाक्य नकाराचे असते आणि परवानगी हा अपवाद असतो. भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्यावाचून असे यंत्र जवळ बाळगण्यासच मनाई केली होती आणि ह्या मनाईतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता. २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यातून सूट मिळाली. पुण्यामुंबईच्या घराघरांत आलेले वाय-फाय त्या सुटीचे अपत्य होय. २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्‌झच्या परिसरातील चार पट्टे, एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ, अशाच रीतीने खुले झाले. जे अधिसूचनेत लिहिलेले नाही ते निषिद्ध, हा वाचनाचा नियम मात्र प्रत्येक वेळी तोच राहिला.

शिवाय हा कायदा देशपरत्वे भिन्न असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अमेरिकेतील यंत्रे व्यवहारतः १ ते ११ ह्या वाहिन्या वापरतात. युरोपात व भारतात १२ व १३ ह्याही चालतात. १४ वी, २४८४ मेगाहर्ट्‌झवरील, केवळ जपानात, आणि तीही जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणापुरती. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये गुंतागुंत अधिक आहे, कारण तेथे रडारांचा वावर आहे. ज्या वाहिन्यांवर रडार असण्याचा संभव, तेथे राउटरने प्रक्षेपणापूर्वी ६० सेकंद नुसते ऐकावे, रडार आढळल्यास वाहिनी सोडावी व ३० मिनिटे तिच्याकडे फिरकू नये, असा दंडक आहे. हवामान-रडारांच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात युरोपात हे ऐकणे १० मिनिटांचे असते. एवढी सावधगिरी कशासाठी, असा प्रश्न पडणाऱ्याने प्वेर्तो रिकोतील सान हुआन येथील प्रकार लक्षात घ्यावा. २००९ साली तेथील विमानतळाजवळच्या हवामान-रडारावर ५ गिगाहर्ट्‌झच्या बिनतारी यंत्रांचे आक्रमण होत असल्याचे आढळून आले. उतरणाऱ्या विमानास घातक ठरणारे वाऱ्याचे आकस्मिक झोत ओळखणे, हेच त्या रडाराचे काम होते.

तेव्हा एका बाजूस ‘न कळलेले सोडून द्या’ हा सुसंगतीचा न्याय आणि दुसऱ्या बाजूस ‘न सांगितलेले करू नका’ हा कायद्याचा न्याय, अशा दोन न्यायांखाली ड्रायव्हरला एकाच वेळी नांदावे लागते. दोहोंचा मध्यबिंदू काढून समेट होईल, अशी अपेक्षा करणे चूक आहे. अर्ध्या प्रमाणात रडारात व्यत्यय आणणे ह्याला काही अर्थ नाही. मार्ग निघाला तो शब्दांच्या घडणीतून निघाला.

प्रारंभीची व्यवस्था अगदी ढोबळ होती. कर्नलमध्ये तीनच नियमसंच गोठवून ठेवलेले होते : ‘यूएस’, ‘जेपी’ आणि ‘ईयू’. वापरणाऱ्याने काही न सांगितल्यास ‘यूएस’ गृहीत धरला जाई. ह्याचा परिणाम असा की, भारतातील एखाद्याचे शेजारचे राउटर १३ व्या वाहिनीवर कायदेशीरपणे चालू असले तरी संगणकास त्याचा पत्ता लागू नये. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या २.६.२८ ह्या आवृत्तीत ही व्यवस्था बदलली. नियम कर्नलच्या पोटातून बाहेर काढून एका स्वतंत्र नियमसूचीत ठेवले गेले. कर्नलने देशाचे दोन अक्षरी नाव उच्चारावे आणि बाहेरच्या एका लहान कार्यक्रमाने, डिजिटल स्वाक्षरी तपासून, त्या देशाचे नियम आणून द्यावेत, अशी योजना झाली. कायदे वरचेवर बदलतात आणि कर्नल तेवढ्या वेगाने घरोघर पोचत नाही, हे तिचे कारण.

पण जुनी तीन नावे लगेच काढून टाकता येईनात. ज्यांच्या संगणकांत तो बाहेरचा कार्यक्रम अद्याप आलेला नव्हता, त्यांचे बिनतारी जाळे एका रात्रीत आक्रसले असते. म्हणून ‘जुने नियमन’ ह्या नावाची एक सोय ठेवून तिन्ही गोठलेले संच काही काळ चालू ठेवले गेले. त्यांतील ‘ईयू’ने विशेष पेच निर्माण केला. ‘यूएस’ व ‘जेपी’ ही देशांची मान्य संक्षिप्त नावे. ‘ईयू’ हे कोणत्याच देशाचे नाव नाही, आणि युरोपातील प्रत्येक राष्ट्राचे नियम निराळे. नव्या नियमसूचीकडे ‘ईयू’ची चौकशी करून उत्तर मिळण्याची आशाच नव्हती. तेव्हा जुन्या वापरणाऱ्याने ‘ईयू’ म्हटले असता, दुर्लक्षिली जाणार हे ठाऊक असलेली एक विनंती केवळ रीत म्हणून पाठवावी आणि संच जुनाच ठेवावा, अशी पळवाट कर्नलमध्ये लिहिली गेली. लिहिणाराने शेजारच्या टीपेत आपली नापसंतीही नोंदवून ठेवली. भाषेच्या इतिहासात अर्थ निघून गेल्यावरही रूप मागे राहिल्याची उदाहरणे विपुल आहेत. त्या रूपाविषयीचा वैताग बोलणाराने लेखी ठेवल्याचे मात्र विरळाच आढळते.

ह्या स्थलांतराची हकीकत येथेच सोडून नियमसूचीच्या अंतर्रचनेकडे वळणे इष्ट होईल, कारण मूळ प्रश्नाचा उलगडा तिच्यात आहे. सूचीतील प्रत्येक ओळ ही एक परवानगी असते : अमुक वारंवारतेपासून तमुक वारंवारतेपर्यंत, इतक्या रुंदीचा पट्टा, इतकी शक्ती. ज्या वारंवारतेस ओळ नाही ती बंद. इथपर्यंत सूचीचे व्याकरण कायद्याच्या व्याकरणाशी तंतोतंत जुळते आणि न कळलेल्या ओळीपासून काही अपाय संभवत नाही. ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याची ओळ जुन्या कर्नलला दिसली तरी त्या पट्ट्यात बोलण्याची कलाच त्याला अवगत नसते.

अडचण सुरू होते ती ओळीच्या अखेरीस जोडलेल्या निशाण्यांपासून. ‘परवानगी आहे, पण रडार असल्यास नाही’, ‘परवानगी आहे, पण घराबाहेर नाही’, ‘परवानगी आहे, पण प्रथम तोंड उघडावयाचे नाही’. ह्या निशाण्या म्हणजे शेवटी येणारा नकार. जुन्या श्रोत्यास निशाणी कळली नाही आणि सुसंगतीच्या न्यायाने त्याने ती सोडून दिली, की पुसलेल्या पाटीचा प्रसंग उभा राहतो.

ह्यांपैकी शेवटच्या निशाणीचा इतिहास उद्‌बोधक आहे. सुरुवातीस त्या जागी दोन निशाण्या होत्या. ‘पॅसिव्ह-स्कॅन’ म्हणजे ह्या वाहिनीवर कोण आहे हे विचारावयाचे नाही, केवळ कानोसा घ्यावयाचा. ‘नो-आयबीएसएस’ म्हणजे ह्या वाहिनीवर राउटरवाचून आपसांत जाळे उभारावयाचे नाही. कालांतराने असे दिसून आले की, दोहोंमागे कायद्याचा हेतू एकच आहे : दुसरे कोणी अधिकाराने बोलू लागल्याशिवाय ह्या यंत्राने प्रक्षेपणास आरंभ करू नये. म्हणून २०१३ मध्ये दोन्ही मिळून ‘नो-आयआर’ ही एक निशाणी करण्यात आली.

आता प्रश्न जुन्या श्रोत्यांचा. ‘पॅसिव्ह-स्कॅन’च्या जागीच ‘नो-आयआर’ बसविल्यामुळे तिचे जुने नाव समानार्थक म्हणून आपोआप टिकले. परंतु बाहेरच्या ज्या जुन्या कार्यक्रमास ‘नो-आयबीएसएस’ एवढेच कळत होते, त्याला ती न दिसल्यास बंदी उठली असे वाटले असते. ह्यावर योजलेला उपाय असा. कर्नल जेव्हा बाहेर बोलतो, तेव्हा तो नवी निशाणी उच्चारतो आणि तिच्यासोबत जुनी ‘नो-आयबीएसएस’ही उच्चारतो. तिच्या नावामागे मात्र दोन अधोरेषा जोडलेल्या आहेत. हा शब्द नव्याने वापरू नये, असा तो इशारा. आणि कर्नल जेव्हा ऐकतो, तेव्हा जुन्या नियमसूचीतून दोहोंपैकी कोणतीही एक निशाणी आली, तरी तो ती संपूर्ण ‘नो-आयआर’ समजतो. बोलताना दोन्ही शब्द, ऐकताना एकही पुरे. जुन्या सूचीत ज्या वाहिनीवर केवळ आपसांतील जाळ्यास मनाई होती, तिच्यावर आता विचारणाही बंद झाली, म्हणजे थोडी सवलत गमावली गेली, हे खरे; पण चूक झालीच तर ती मौनाच्या बाजूने व्हावी, ही दक्षता त्यात आहे. दुसऱ्याचे बोलणे उदारपणे ऐकून घ्यावे, हे जाळ्यांच्या रचनेतील जुने सूत्र होय. येथे ऐकण्यातील औदार्य आहे, परंतु ते नकारापुरते.

परवानगी वाढवावयाची असते तेव्हा हीच विषमता उलट दिशेने उपयोगी पडते. ५१७० ते ५२५० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा रडारमुक्त, त्याला लागून असलेला ५२५० ते ५३३० हा रडारच्या अटीने बांधलेला. दोन्ही प्रत्येकी ८० मेगाहर्ट्‌झ रुंद. दोन्ही जोडून १६० मेगाहर्ट्‌झचे प्रक्षेपण करण्यास कायद्याची हरकत नव्हती, पण दोन ओळींची अट भिन्न असल्याने त्यांची एक ओळ करता येत नव्हती. २०१४ च्या सुमारास ‘ऑटो-बीडब्ल्यू’ ही निशाणी आली : शेजारची ओळ जुळत असल्यास दोहोंची रुंदी एकत्र धरावी. ओळीत आकडा मात्र ८० हाच ठेवला. ज्याला निशाणी कळली त्याला १६०. ज्याला कळली नाही त्याने ती सोडून दिली, आणि ८० वर त्याचे काम पूर्वीप्रमाणे चालू राहिले. आकड्याच्या जागी १६० लिहून ‘शेजारची ओळ नसल्यास ८०’ अशी निशाणी केली असती, तर नव्या श्रोत्यास अर्थ तोच कळला असता. फरक पडला असता तो फक्त जुन्याला, आणि तो कायदाभंगाचा.

सर्वच ठिकाणी असे नेटके साधले असे म्हणता येणार नाही. २०१८ पासून नियमसूचीत युरोपीय मानकातील आणखी एक बंधन नोंदविले जाऊ लागले. वाहिनी किती काळ अडवून ठेवावी ह्याविषयीचे ते आहे. सूचीच्या नव्या बांधणीत त्याला जागा होती, जुन्या बांधणीत नव्हती. परिणामी जुन्या संगणकांसाठी तयार होणाऱ्या प्रतीत हे बंधन उतरलेच नाही. जुन्या बांधणीत ते घुसविले असते तर जुने वाचक सूचीच वाचू शकले नसते, आणि बाकीचे सगळे नियमही त्यांच्या हातून गेले असते. येथे सुसंगतीचा पक्ष घेतला गेला तो मोठे नुकसान टाळण्यासाठी लहान नुकसान पत्करून.

आजवर विचार झाला तो शब्द न कळण्याचा. शब्द कळला पण तो खोटा होता, तर काय? यंत्र कोणत्या देशात आहे हे ते स्वतः निश्चितपणे जाणत नाही. वापरणारा सांगेल तो देश, जवळचे राउटर जाहीर करील तो देश, किंवा कारखान्यात कार्डावर कोरलेला देश. लिनक्सने ह्यावर ठरविलेले तत्त्व असे की, साक्षी परस्परविरोधी असतील तर बहुधा त्यांचा छेद घ्यावा, म्हणजे दोहोंना मान्य असेल तेवढेच करावे. आणि कार्डावर देश कोरलेला असल्यास वापरणाऱ्याच्या शब्दाने परवानगी घटावी, वाढू नये. बाजारातील राउटरांत मात्र ही दक्षता नेहमी घेतली जात नसे. २०१६ च्या ऑगस्टात टीपी-लिंक ह्या कंपनीने अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाशी तडजोड करून दोन लाख डॉलरांचा दंड मान्य केला, तो अशाच कारणासाठी : तिच्या काही राउटरांत वापरणाऱ्यास देशाचे नाव बदलून मान्यतेपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण करता येत होते. त्याच्या आधी, आयोगाच्या २०१४ च्या नियमांचा धसका घेऊन, राउटरमध्ये बाहेरची आज्ञावली घालण्यावरच बंदी येणार काय, अशी भीती पसरली होती. तडजोडीत ह्या भीतीचे निराकरण करणारी एक अट आहे, ती दंडाच्या रकमेपेक्षा महत्त्वाची म्हणावी लागेल : बाहेरच्या आज्ञावलीस वाव ठेवूनही कायदा पाळता येईल असे मार्ग कंपनीने शोधावेत, हे तिच्यावर बंधनकारक झाले.

२०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ ह्या आवृत्तीपासून कर्नल नियमसूची स्वतःच वाचू लागला आणि स्वाक्षरीही स्वतःच तपासू लागला. मध्यस्थ कार्यक्रमाची गरज उरली नाही. तरी त्याच्याशी बोलण्याची वाट, जुन्या संगणकांसाठी, काढून टाकलेली नाही. ज्यांच्याकडे सूचीची नवी प्रत आली नव्हती त्यांचा कर्नल ‘००’ ह्या सांकेतिक देशावर येऊन थांबला. हा कोणताही देश नसलेला देश मोठा मितभाषी आहे : १ ते ११ वाहिन्या मोकळ्या, १२ व १३ वर प्रथम बोलणे नाही, ५ गिगाहर्ट्‌झमध्ये तर कोठेच प्रथम बोलणे नाही. संगणकाचा राउटर म्हणून उपयोग करणाऱ्यांची गैरसोय झाली आणि त्यांनी तक्रारी केल्या. पण एकाही यंत्राला नियमबाह्य प्रक्षेपणाची मुभा मिळाली नाही.

कार्डांच्या उत्पादकांनी अलीकडे निराळीच वाट धरली आहे. निर्णय ड्रायव्हरकडून काढून घेऊन कार्डातील मोहोरबंद आज्ञावलीकडे सोपवावयाचा. इंटेलच्या कार्डांत ही सोय २०१५ च्या सुमारास आली. आसपासची राउटरे ऐकून कार्ड स्वतःच देश ठरवू लागले आणि वापरणाऱ्याने सांगितलेल्या देशाचे महत्त्व संपले. कायद्याच्या दृष्टीने हे निर्धोक. पण उघड्या आज्ञावलीत ज्या निर्णयाची छाननी कोणासही करता येत होती, तो ह्यामुळे दृष्टीआड गेला, आणि ह्या बदलाची ही किंमत अल्प नव्हे. प्रारंभी ही सोय बंद करण्याचा एक शब्द ड्रायव्हरमध्ये ठेवलेला होता. ५ गिगाहर्ट्‌झवर जाळे उभारू इच्छिणाऱ्यांनी तो शोधून काढला, एकमेकांस सांगितला आणि आपापल्या संगणकांच्या मांडणीत लिहून ठेवला. पुढे तो शब्द ड्रायव्हरमधून काढून टाकण्यात आला. शब्द काढून घ्यावयाचा नाही ह्या दंडकाचा येथे भंग झाला असे वरकरणी दिसते. परंतु मांडणीतील ती ओळ आजही एखाद्या संगणकात असली तरी संगणक अडत नाही. कर्नल ती वाचतो, असा शब्द आपणास ठाऊक नाही अशी नोंद करतो, आणि ती सोडून देऊन कार्ड सुरू करतो. जे मागितले होते ती सवलत होती, म्हणून ती सोडून दिल्याने कोणताही नियम मोडत नाही.